मंडळातले फॉर्म आणि सात आकडी नंबर

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. पुण्यात एलएलबी केलं, सनद घेतली आणि सांगली कोर्टात अडीच वर्षं एका वकिलांच्या हाताखाली काम केलं. २०१९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे मेलबर्नला आलो. आता तारनीटला राहतो. आम्हाला पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, मिळून वर्ष होऊन गेलं. धाकटीही शाळेत जायला लागली आहे.

आमच्या व्हिसाचं सगळं मीच केलं होतं. ते कळल्यावर मंडळातले लोक विचारायला लागले. कोणाच्या आईचा व्हिजिटर, कोणाचा शिक्षणानंतरचा ४८५, एकीचा पार्टनर व्हिसा. गेल्या दोन वर्षांत सात-आठ घरांचे अर्ज मी भरले, एकही नाकारला गेला नाही. पैसे कधी मागितले नाहीत. एका काकांनी दिवाळीला २०० डॉलरचं पाकीट बळंच हातात ठेवलं, तेवढंच.

आता वाटतं, हेच काम रीतसर करावं. माझी एलएलबी चालेल का? काय शिकावं लागेल, किती वेळ लागेल? पुण्यातली एक कन्सल्टन्सी म्हणते की कोर्सची गरजच नाही. त्यांच्याकडे एका रजिस्टर्ड एजंटचा नंबर आहे, मी घरी बसून फाइली तयार करायच्या, फाइलमागे १५० डॉलर. नवरा म्हणतो, सुरुवात म्हणून घे. शिवाय येत्या रविवारी एक जोडपं आमच्याकडे येणार आहे. मुलाच्या आईचा व्हिजिटर व्हिसा नाकारल्याचं पत्र आलंय, ते घेऊन. काय करू?

– एक वाचक, तारनीट

*

नमस्कार.

काकांचं पाकीट परत करा. कोर्स, परीक्षा, नोंदणी यांबद्दल सगळं सांगते, पण आधी हे. तुम्ही मला ताई म्हटलंत, म्हणून त्याच हक्काने स्पष्ट लिहिते आहे.

तुम्ही दोन वर्षं जे केलंत ते तुमच्या मनात मदत आहे. आपल्याकडे ज्याला लिहिता-वाचता येतं त्याने शेजाऱ्याचा मनीऑर्डरचा फॉर्म भरून द्यायचा, ही रीतच आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात मात्र या मदतीला एक नाव आहे, ‘इमिग्रेशन असिस्टन्स’. मायग्रेशन अ‍ॅक्ट १९५८ च्या तिसऱ्या भागात, कलम २७६ मध्ये, त्याची व्याख्या दिली आहे. व्हिसाच्या कामकाजाचं ज्ञान किंवा अनुभव वापरून दुसऱ्याचा अर्ज तयार करणं, तयार करायला मदत करणं किंवा अर्जाबद्दल सल्ला देणं म्हणजे इमिग्रेशन असिस्टन्स. कलम २८० सांगतं की नोंदणी नसलेल्या माणसाने ती द्यायची नाही. फुकटसुद्धा नाही. आणि त्यासाठी पैसे मागणं किंवा स्वीकारणं हा कलम २८१ खाली १० वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्या कलमाच्या नजरेत दिवाळीचं पाकीट आणि फी यांतलं अंतर तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नाही.

कायद्याने काही सवलती ठेवल्या आहेत. जवळच्या नातेवाइकाला मदत करता येते, पण ‘जवळचा’ म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण. आपल्याकडे चुलतभाऊही भाऊच आणि मावसबहीणही बहीणच. इथलं कलम मात्र तितकं मोठं घर धरत नाही. मंडळ तर त्यात कुठेच बसत नाही. ज्याने कोणाला स्पॉन्सर किंवा नॉमिनेट केलं आहे तो त्या अर्जापुरती मदत करू शकतो. नुसतं टंकलेखन किंवा कारकुनी काम, भाषांतर, ‘तुला व्हिसा काढावा लागेल’ एवढंच सांगणं, किंवा तिसऱ्या कोणी तयार केलेली माहिती स्वतःचं भाष्य न जोडता पुढे देणं, हेही इमिग्रेशन असिस्टन्समध्ये मोडत नाही. म्हणजे कोणी मराठीत सांगितलेलं तुम्ही इंग्रजीत जसंच्या तसं उतरवून दिलंत तर ठीक. ‘हा अनुभव इथे दाखवू नका, तिथे दाखवा’ असं म्हणालात की रेषा ओलांडलीत.

जे होऊन गेलं त्याबद्दल एखाद्या सॉलिसिटरशी एकदा खासगीत बोला. सॉलिसिटरजवळ बोललेलं गोपनीय राहतं, आणि पुढे नोंदणीच्या अर्जात या काळाबद्दल काय आणि कसं सांगायचं हे तिथेच ठरेल. लपवायचं नाही, हे मात्र आत्ताच ठरवा. नोंदणी मागणारा माणूस सचोटीचा आहे का, हीच तर तिथे तपासणी असते.

आता ‘एकही नाकारला गेला नाही’ याविषयी. या वाक्यातला तुमचा अभिमान मला कळतो, कारण मीही एके काळी हेच म्हणायचे. पण या वाक्यानेच मला सर्वांत जास्त काळजी वाटली. एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

साताऱ्याची एक मुलगी लग्न होऊन सिडनीला आली आणि इथूनच तिने पार्टनर व्हिसाचा, म्हणजे ८२० चा अर्ज केला. अर्ज मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांनी भरून दिला होता. मी नंतर तो ओळ न् ओळ वाचला. त्यात एकही चूक नव्हती. आधीचा व्हिसा संपला आणि ती ब्रिजिंग व्हिसा ए वर, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर, आली. मग गावी आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. तिने त्यांना विचारलं, ‘जाऊन येऊ का?’ ते म्हणाले, ‘ब्रिजिंग व्हिसा आहे ना हातात, बिनघोर जा.’ ती गेली. ब्रिजिंग ए वर देश सोडला की तो व्हिसा तिथेच संपतो. परत यायचं असेल तर जाण्याआधी ब्रिजिंग बी घ्यावा लागतो. आणि ८२० मंजूर होताना अर्जदार ऑस्ट्रेलियात असावा लागतो. आईचे दिवस झाले, आणि मुलगी साताऱ्यात अडकली. व्हिजिटर व्हिसाचा पहिला अर्ज नाकारला गेला. नवरा इकडे, ती तिकडे, असे नऊ महिने गेले.

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं आणि पुढे त्यांनी गणपतीला येणंही सोडलं. पण त्या मुलीला दाद मागायला जागाच नव्हती. नोंदणी असलेल्या एजंटने असा सल्ला दिला असता तर तिला तक्रार करता आली असती, भरपाईसाठी त्याच्या विम्यावर दावा सांगता आला असता. इथे फक्त एक हळहळणारा माणूस होता. नोंदणी म्हणजे काय, हे मला त्या नऊ महिन्यांत नीट कळलं. फॉर्म बरोबर भरता येणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. सल्ला चुकला तर त्याचं उत्तर द्यायला बांधील असणं, हा मोठा. तुमचे सात-आठ अर्ज मंजूर झाले, कारण ते सरळ होते. वाकडं प्रकरण बाहेरून सरळच दिसतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू.

भारतातल्या एलएलबीवर इथे एजंट म्हणून नोंदणी होत नाही. ती वाया गेली असं मात्र नाही. ज्या अभ्यासक्रमाला तुम्हाला जायचं आहे त्याच्या प्रवेशाला पदवी म्हणून ती उपयोगी पडेल, आणि कलम वाचायची सवय तर फारच. वकील व्हायचा रस्ताही आहे, पण तो वेगळा आणि लांबचा. व्हिक्टोरियात त्यासाठी तिथल्या लीगल अ‍ॅडमिशन्स बोर्डाकडून तुमच्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ज्यांना सगळे ‘प्रीस्टली इलेव्हन’ म्हणतात त्या ११ विषयांपैकी जे कमी पडतात ते इथे शिकावे लागतात, मग प्रात्यक्षिक प्रशिक्षण, मग प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, म्हणजे वकिलीचा परवाना.

हे सांगण्याचं कारण असं की २२ मार्च २०२१ पासून इथे मोठा बदल झाला आहे. त्याआधी वकिलांनाही व्हिसाचं काम करायला एजंट म्हणून नोंदणी लागायची. आता ज्यांच्याकडे कोणत्याही अटीविना प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट आहे ते वकील त्या सर्टिफिकेटवरच हे काम करतात आणि त्यांना एजंट म्हणून नोंदणी करताच येत नाही. नवखे, देखरेखीखाली काम करणारे वकील ठरावीक काळापुरते दोन्हीकडे राहू शकतात. त्यामुळे आज एजंटांच्या यादीत नाव नसलेला माणूस बोगसच असतो असं नाही. तो वकील असू शकतो, आणि त्याचं नाव त्या त्या राज्याच्या वकिलांच्या यादीत सापडतं. मंडळात हा गोंधळ नेहमी होतो.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे तो ‘ग्रॅज्युएट डिप्लोमा इन ऑस्ट्रेलियन मायग्रेशन लॉ अँड प्रॅक्टिस’चा. माझ्या वेळी यापेक्षा छोटं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट होतं. २०१८ च्या सुरुवातीपासून डिप्लोमा आला, आणि तो वाढवला हे योग्यच झालं. पूर्णवेळ केला तर साधारण वर्ष लागतं, अर्धवेळ केला तर दोन. घर, मुलं, नोकरी सांभाळून करणारे बहुतेक जण अर्धवेळच घेतात आणि तुम्हीही तोच घ्यावा असं मला वाटतं. ग्रिफिथ, वेस्टर्न सिडनी, मर्डॉक, ऑस्ट्रेलियन कॅथलिक अशा विद्यापीठांनी तो शिकवला आहे. सध्या कोणाचा अभ्यासक्रम मान्य आहे आणि कोण प्रवेश देतं आहे, हे प्रवेशाच्या वेळी एजंटांची नोंदणी करणाऱ्या ओमाराच्या संकेतस्थळावर पाहा. त्या यादीत नाव नसलेला कोणताही ‘इमिग्रेशन कोर्स’ नोंदणीसाठी शून्य उपयोगाचा आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

ओमारा म्हणजे ‘ऑफिस ऑफ द मायग्रेशन एजंट्स रजिस्ट्रेशन अथॉरिटी’. एजंटांची नोंदणी १९९२ मध्ये सुरू झाली. मधली काही वर्षं हे काम एजंटांच्याच संस्थेकडे होतं. २००९ पासून ते सरकारी खात्याकडे आहे.

अभ्यासात काय असतं? मायग्रेशन अ‍ॅक्ट आणि मायग्रेशन रेग्युलेशन्स १९९४ हा पाया. तुम्ही आजवर गृह खात्याच्या संकेतस्थळावर व्हिसाची पानं वाचत आला आहात. ती पानं म्हणजे कायदा नव्हे. कायदा रेग्युलेशन्सच्या परिशिष्टांत असतो. अर्ज ग्राह्य कधी धरायचा ते पहिल्या परिशिष्टात, प्रत्येक व्हिसाच्या अटी दुसऱ्यात, आणि ज्यावरून सर्वांत जास्त माणसं घसरतात ते जनहिताचे निकष चौथ्यात. त्यातला ४०२० क्रमांकाचा निकष पाठच करा. अर्जात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती गेली, अनुभवाच्या पत्रात चार महिने वाढवले, की नकार येतो आणि पुढची ३ वर्षं त्या निकषाच्या कक्षेतले व्हिसे अडकतात. ओळखीबद्दलच खोटं असेल तर १० वर्षं. त्याच्या जोडीला कलम ४८ आहे. इथे राहून केलेला अर्ज एकदा नाकारला गेला आणि हातात ब्रिजिंगशिवाय दुसरा व्हिसा उरला नसेल, की इथूनच दुसरा अर्ज करायची वाट बहुतेक व्हिशांसाठी बंद होते. तुम्ही ज्यांचे फॉर्म भरलेत त्यांतल्या कोणाला तुम्ही हे सांगितलं होतं? नसणार. कारण तुम्हाला ते माहीत असायचं कारणच नव्हतं.

डिप्लोमानंतर कॅपस्टोन. ही स्वतंत्र परीक्षा आहे. विद्यापीठाची नाही, ती कॉलेज ऑफ लॉ घेतं. लेखी आणि तोंडी असे दोन भाग असतात. तोंडी भागाची तयारी आपली माणसं कमी करतात, असं मी पाहिलं आहे. आपल्याला वाटतं, कायदा पाठ आहे ना, मग झालं. पण एजंटाला समोर बसलेल्या माणसाकडून माहिती काढून घ्यावी लागते, त्याला समजेल असं सांगावं लागतं, आणि जे जमणार नाही ते जमणार नाही म्हणावं लागतं. सांगली कोर्टातली तुमची अडीच वर्षं इथे खरी कामाला येतील. पक्षकाराला पहिला प्रश्न काय विचारायचा, हे पुस्तकातून येत नाही.

इंग्रजीचा पुरावाही लागतो. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये एकूण ७ आणि प्रत्येक भागात किमान ६.५, ही पातळी धरून तयारी करा. नवऱ्याच्या अर्जावेळी दिलेल्या परीक्षेचा जुना निकाल चालेल असं गृहीत धरू नका.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. डिप्लोमाची फी मोठी आहे. पीआर असल्यामुळे ती परदेशी विद्यार्थ्यांच्या दराने लागणार नाही. पण फी-हेल्प नावाचं सरकारी कर्ज नागरिकांना मिळतं, सर्वसाधारण पीआर असलेल्यांना नाही. चार वर्षांचा कायदेशीर रहिवास आणि त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर, अशी नागरिकत्वाची मुख्य अट असते. तुमच्या तारखा पाहता तुम्ही तिथवर पोचलेल्या असाल. मात्र ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं सुटतं. तो निर्णय घरात बसून, वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यायचा असतो. एका कोर्सच्या फीसाठी तो घेऊ नका. घेणारच असाल, तर आधी नागरिकत्व आणि मग प्रवेश, असा क्रम लावता येईल, एवढंच.

परीक्षा पास झालात की ओमाराकडे अर्ज. वय किमान १८; ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व, पीआर किंवा न्यूझीलंडच्या नागरिकांना मिळणारा विशेष व्हिसा हवा. तुम्ही यात बसता. (मंडळातली स्टुडंट व्हिसावरची मुलं मला विचारतात म्हणून इथेच सांगते: तुम्हाला नोंदणी मिळणार नाही, आधी पीआर.) पोलिसांकडचा दाखला लागतो. किमान अडीच लाख डॉलरचा व्यावसायिक विमा लागतो. अद्ययावत कायद्याचं ग्रंथालय हाताशी असावं लागतं. बहुतेक जण त्यासाठी लेजेंडकॉम ही सरकारी सेवा घेतात. तुमच्या अर्जाची जाहीर सूचना निघते आणि कोणालाही हरकत घेता येते. मग खातं पाहतं की तुम्ही ‘फिट अँड प्रॉपर’ आहात का, सचोटीच्या आहात का. गुन्हे, दिवाळखोरी, चालू असलेल्या चौकश्या हे सगळं तर पाहिलं जातंच, पण कलम २९० मध्ये आणखी एक गोष्ट आहे. कामाच्या नात्याने तुम्ही ज्यांच्याशी जोडलेल्या आहात ती माणसं सचोटीची नसतील, तर तेही तुमच्या विरोधात जाऊ शकतं.

म्हणून पुण्याच्या कन्सल्टन्सीला नाही म्हणा. आजच, आणि लेखी.

भारतात बसून ऑस्ट्रेलियाच्या व्हिशाचा सल्ला देणाऱ्याला इथल्या नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे त्यांच्या ऑफिसात फाइल तयार करणाऱ्या मुलाला जे चालतं ते त्यांना सगळ्यांनाच चालतं असं वाटतं. तुम्ही तारनीटला बसला आहात. तुमच्यावर कलम २८० आणि २८१ दोन्ही लागतात, आणि १५० डॉलर ही उघड फी आहे. ‘नंबर आमच्याकडे आहे’ म्हणजे काय, तेही समजून घ्या. तो सात आकडी नंबर एका माणसाचा असतो. त्या माणसाने स्वतः ग्राहकाशी करार करायचा, सल्ला द्यायचा, फाइलची जबाबदारी घ्यायची. दुसऱ्यांनी केलेल्या फाइलींवर आपला नंबर लावू देणाऱ्या एजंटांच्या नोंदण्या ओमाराने रद्द केल्या आहेत, आणि त्या निकालांत नावं जाहीर होतात. ज्याची नोंदणी गेली त्याच्याबरोबर तुम्ही काम करत होता, ही नोंद घेऊन तुम्हाला दोन वर्षांनी अर्ज करायचा आहे का?

त्यांनी बहुधा क्यूईएसी नंबराबद्दलही सांगितलं असेल. तो एज्युकेशन एजंटचा असतो. कॉलेज आणि कोर्स निवडायला मदत करायची, प्रवेश करून द्यायचा आणि कॉलेजकडून कमिशन घ्यायचं, हे ते काम. व्हिसाच्या सल्ल्याचा परवाना तो नाही. ख्रिस्टीन निक्सन या व्हिक्टोरियाच्या माजी पोलीस आयुक्तांनी व्हिसा व्यवस्थेतल्या शोषणावर दिलेला अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मायग्रेशन एजंट आणि एज्युकेशन एजंट दोघांवरही कडक लक्ष ठेवा असं म्हटलं आहे. तुम्ही अशा काळात या क्षेत्रात येत आहात. माझ्या मते ते चांगलंच आहे. ज्यांना नीट काम करायचं आहे त्यांना कडक देखरेखीचा जाच होत नाही.

नवऱ्याला सुरुवात हवी आहे, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सुरुवात करायला दुसऱ्या जागा आहेत. एखाद्या नोंदणीकृत एजंटच्या किंवा इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाच्या ऑफिसात कारकुनी काम धरा. कागद लावणं, तारखा सांभाळणं, भाषांतर. पगार फार नसेल, पण समोर रोज खरी फाइल येईल आणि ‘हा निर्णय माझा नाही’ ही शिस्त अंगात मुरेल. मेलबर्नमध्ये रिफ्युजी लीगल, असायलम सीकर रिसोर्स सेंटर यांसारख्या संस्था आहेत. स्वयंसेवकांसाठी तिथे काय काम आहे ते विचारा. आपल्यातले फार कमी जण तिकडे वळतात, याचं मला वाईट वाटतं. स्किल्ड व्हिशाचे गुण मोजण्यापलीकडे हा कायदा माणसाच्या आयुष्यात कुठवर शिरतो, ते तिथे दिसतं. पुढे फक्त ना-नफा संस्थेत काम करायचं ठरलं, तर नोंदणीचं शुल्कही व्यावसायिक नोंदणीपेक्षा बरंच कमी असतं.

नोंदणी मिळाली की काम संपलं असं नाही. ती १२ महिन्यांची असते. दर वर्षी नूतनीकरण, आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे १० गुण. १ मार्च २०२२ पासून नवी आचारसंहिता आहे. काम सुरू करण्याआधी ग्राहकाला माहितीपत्रक द्यायचं, लेखी करार करायचा, आगाऊ घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे. व्हिसा मिळेलच अशी हमी द्यायची नाही. आपल्या लोकांना हमी हवी असते. ‘ताई, होईल ना?’ असं विचारणाऱ्या आईला ‘सांगता येत नाही’ म्हणायला मला अजूनही जड जातं, आणि तरीही मी तेच म्हणते. नियम मोडले तर ताकीद, निलंबन, नोंदणी रद्द, ५ वर्षांपर्यंत बंदी, एवढे अधिकार ओमाराला आहेत. एजंट म्हणून तुम्ही व्हिसाच्या निर्णयांची फेरतपासणी करणाऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलपुढे ग्राहकाची बाजू मांडू शकाल. प्रकरण त्यापुढे कोर्टात गेलं की ते वकिलाचं.

कमाईबद्दल एकच. पहिली दोन-तीन वर्षं अवघड जातात. बाजारात एजंट भरपूर आहेत. तुमचा पहिला ग्राहक मंडळातलाच असेल, आणि त्याच्याकडून फी मागणं हे तुम्हाला कॅपस्टोनपेक्षा कठीण वाटेल. तरीही मागा. जो करार लेखी झाला, ज्याची पावती दिली, त्याचीच जबाबदारी दोन्ही बाजूंना नीट कळते.

आता रविवार. त्या जोडप्याला टाळू नका. टाळलंत तर ते अशा कोणाकडे तरी जातील ज्याने हे काही वाचलेलं नाही. त्यांच्या पत्राचा मजकूर तुम्ही मराठीत वाचून दाखवू शकता. ते भाषांतर आहे. नकार का दिला, पुन्हा अर्ज करावा की फेरतपासणी मागावी, नव्या अर्जात काय बदलावं, यातलं काहीही सांगू नका. अगदी माहीत असलं तरी. ओमाराच्या संकेतस्थळावरचं रजिस्टर उघडून द्या, त्यांच्या भागातली नावं त्यांना स्वतःला शोधू द्या, आणि भेटायला जाल तेव्हा समोरच्याचा नंबर मागून रजिस्टरशी ताडून पाहा असं सांगा. खर्च परवडत नसेल तर सामुदायिक कायदा केंद्रात विचारायला सांगा.

आणि एक गोष्ट रविवारपर्यंत थांबणारी नाही. आईवडिलांचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला, तर फेरतपासणी मागण्याचा हक्क काही वेळा इथे राहणाऱ्या मुलाला असतो. असेल तर तसं पत्रातच लिहिलेलं असतं, आणि मुदतही तिथेच दिलेली असते. ती मुदत एक दिवसानेही वाढवून मिळत नाही. म्हणून आज संध्याकाळी त्यांना फोन करा आणि एवढंच सांगा, की पत्रावरची तारीख बघा आणि उद्याच एजंटची किंवा वकिलाची वेळ घ्या.